हृदय डावीकडे होतं म्हणून

एमडीच्या तोंडी परीक्षेत मला कार्टाजेनर सिंड्रोम विचारला होता आणि मी तो घडाघडा सांगितला होता. हृदय उजवीकडे, सायनसचं जुनं दुखणं, फुप्फुसातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या. झुरिकच्या मानेस कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये हे त्रिकूट मांडलं, हेही वर जोडलं. परीक्षक खूश झाले. उत्तर बरोबर होतं, पण अर्धं होतं. त्या अर्ध्या उत्तराच्या भरवशावर मी एका मुलीला तान्ही असल्यापासून ती दुसरीत जाईपर्यंत दम्याचे उपचार देत राहिले, आणि दमा तिला कधीच नव्हता. तिच्या आईवडिलांना विचारून, ओळख पटेल असं सगळं वगळून हे लिहिते आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मुलांचं क्लिनिक आहे. सगळा उसाचा पट्टा. कारखाने सुरू झाले, पाचट पेटू लागलं की ओपीडी खोकणाऱ्या मुलांनी भरते, पावसाळ्यात पुन्हा भरते. खोकल्याची मुलं इतकी पाहिली आहेत की आई दारातून आत येईपर्यंत माझ्या मनात निदान तयार झालेलं असतं. ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा चार महिन्यांची असेल. आई म्हणाली, “मॅडम, जन्मल्यापासनं एक दिवस हिचं नाक कोरडं न्हाई बघा. छातीत सारखं घरघरतंय.” मी केस पेपरवर लिहिलं, वारंवार सर्दी-खोकला. ती सांगत होती की एक दिवसही सुटका नाही, आणि मी लिहिलं की अधूनमधून होतं. जन्मल्यापासून असंच आहे, हे दिवसातून दहा आया सांगतात. त्यातलं निम्मं वजा करून ऐकायची मला सवय लागली होती.

तिच्या पिशवीत बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्डही होतं. पूर्ण दिवसांचं बाळ, वजन चांगलं, लगेच रडलेलं. पहिला दिवस व्यवस्थित गेला. दुसऱ्या दिवशी श्वास भरभर चालू लागला म्हणून काचेत ठेवलं, आठवडाभर ऑक्सिजन लावला. कार्डावर निदान होतं न्यूमोनिया. मी ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. तिथंच थांबायला हवं होतं. जन्मताना फुप्फुसात पाणी राहिलेलं बाळ पहिल्या काही तासांतच धापा टाकतं आणि दोनेक दिवसांत सावरतं. या बाळाचं उलटं झालं होतं. आधी ठीक होतं, मग बिघडलं, आणि नाक तेव्हापासून वाहायचं थांबलंच नव्हतं. ज्या आजाराबद्दल मी लिहिते आहे त्यातल्या बहुसंख्य बाळांची सुरुवात अगदी अशीच होते.

आजाराचं नाव प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया. आम्ही पीसीडी म्हणतो. नाकापासून खोल श्वासनलिकांपर्यंत आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात. भाताच्या शेतावरून वारा गेला की जशी लाट धावते तसे हे तंतू एका लयीत, एका दिशेने झुकतात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा, आणि धूळ, जंतू, कफ घशाकडे सरकवत राहतात. पीसीडीत ते जन्मापासूनच हलत नाहीत किंवा वेडेवाकडे हलतात. कफ जिथल्या तिथे साचतो. तो बाहेर काढायला एकच वाट उरते, खोकला. म्हणून ही मुलं रोज खोकतात आणि त्या खोकल्यानेच त्यांची फुप्फुसं टिकून राहतात. मी नेमकी तो खोकला थांबवायच्या मागे लागले होते.

वर्षाच्या आतच मी बाळदमा असं निदान केलं. पंप म्हटलं की आपल्याकडे घरात धसका घेतात. सवय लागेल का, पुढे लग्नात अडचण येईल का. ती सगळी समजूत मी मन लावून घातली, स्पेसर तोंडावर कसा धरायचा ते दाखवलं, आणि त्या घराने माझा शब्द न शब्द पाळला. हेच मला आज सर्वांत जास्त बोचतं. दही, केळी, पेरू बंद करा म्हटलं, त्यांनी बंद केलं. घराला लागून गोठा होता. शेणाचा धूर आणि जनावरांचे केस तिला सोसत नसतील, गोठा लांब न्या, असं मी म्हणाले. त्यांनी कर्ज काढून मळ्यात शेड उभारली. रात्री तिकडे राखणीला जायला माणूस नाही म्हणून पुढे एक म्हैस विकली. हे मला फार उशिरा कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

चूक मला दिसू नये अशी व्यवस्था माझ्याच चिठ्ठीत होती. तिची छाती भरली की मी पंपाचा डोस वाढवायची, तोंडाने स्टेरॉइड द्यायची आणि जोडीला ॲन्टिबायोटिकही लिहायची. चार-पाच दिवसांत खोकला उतरायचा. मला वाटायचं, पंप लागू पडला. लागू पडत होतं ते ॲन्टिबायोटिक. एकदा तरी एकेक औषध वेगळं देऊन पाहिलं असतं तर ते ध्यानात आलं असतं. दम्याचा खोकला बहुतेक कोरडा असतो, रात्री-पहाटे वाढतो, मधले काही आठवडे मूल अगदी ठणठणीत असतं. हिचा खोकला ओला होता, दिवसाही तितकाच, ती हसली तरी छातीत कफ वाजायचा. आई सरळ विचारायची, “पंप घेऊनबी रोज खोकतीया, मग पंपाचा उपेग काय मॅडम?” तिला पंप नीट देता येत नसेल असं धरून मी पुन्हा पुन्हा तिच्याकडून करून घ्यायची. उपचार लागू पडत नसतील तर निदान तपासावं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं असतं. मी आईचे हात तपासत बसले.

कानांचं तसंच झालं. हाक मारली तरी वळत नाही, टीव्ही मोठ्याने लावते, असं आई सांगायची. शाळेतून तक्रार यायची की लक्ष नसतं. मी कानात बॅटरी टाकून पाहिलं, पडदा निस्तेज वाटला, सर्दीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. सिलिया मधल्या कानातही असतात आणि तिथलं पाणीही निचरा न होता साचतं. पुढे ऐकण्याची तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांनी तिला कमी ऐकू येतं असं निघालं. वर्गात तोवर ती मागच्या बाकावर बसत होती.

पहिलीत असताना छातीच्या फोटोत उजव्या बाजूला, मधल्या भागात डाग दिसला. आजोबांना पूर्वी टीबी झालेला. कफात जंतू सापडला नाही, तरी मी टीबीचं औषध सुरू केलं. आपल्याकडे टीबी इतका आहे की तो हातून सुटेल ही भीती डॉक्टरच्या मनातून कधी जात नाही, आणि ती भीती खोटीही नाही. पण सहा महिन्यांचं औषध संपलं, डाग तसाच राहिला, खोकला तसाच राहिला, तेव्हा तरी मी दुसरीकडे पाहायला हवं होतं. फाइलवर जुना व्रण असं लिहून मी पुढे गेले.

श्वासाची पहिली तपासणीही तिची माझ्याच क्लिनिकमध्ये झाली. दम्याच्या शिबिरासाठी एक छोटं मशीन आणलं होतं. मुलाने तोंडाने त्यात एका वेगाने फुंकायचं आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजायचा. ॲलर्जीमुळे श्वासनलिका सुजलेल्या असतील तर तो वाढतो. लहान मुलांत पस्तीसच्या वर गेला तर जास्त, वीसच्या आत असेल तर कमी. हिचा आला नऊ. मी आईला म्हणाले, “बघा, दमा किती छान ताब्यात आहे.” ती मुलगी फुंकता फुंकता खोकत होती, त्यामुळे दोनदा थांबावं लागलं होतं. खोकला भरपूर आणि ॲलर्जीची सूज जवळजवळ शून्य, म्हणजे हा खोकला ॲलर्जीच्या दम्याचा नसावा, असा त्या आकड्याचा साधा अर्थ होता. माझं निदान आधीच ठरलेलं होतं, त्यात तो आकडा मी बसवून घेतला.

कार्टाजेनरचं नाव मनात आलंच नाही असं नाही. मधला डाग दुसऱ्यांदा दिसला तेव्हा आलं. मी फोटो उजेडावर धरला, हृदय कुठे आहे ते पाहिलं. डावीकडे. खात्री म्हणून तिच्या उजव्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं, ठोके क्षीण, डावीकडे ठळक. झालं, तो विचार मी काढून टाकला.

परीक्षेतल्या उत्तरातलं न सांगितलेलं अर्धं इथे होतं. १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की अशा रुग्णांच्या सिलियांना हालचाल देणारे डायनिन नावाच्या प्रथिनाचे हातच गायब असतात. शुक्राणूच्या शेपटीची रचनाही तशीच, त्यामुळे यातल्या अनेक पुरुषांना मूल होण्यात अडचण येते. हृदयाची बाजू हा त्याच दोषाचा आणखी एक परिणाम आहे. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना त्यातले काही सिलिया गोल फिरून द्रव डावीकडे लोटतात आणि त्यावरून शरीराचं डावं-उजवं ठरतं. ते फिरलेच नाहीत तर बाजू निव्वळ योगायोगाने ठरते. म्हणून पीसीडीच्या साधारण निम्म्याच रुग्णांचे अवयव उलट्या बाजूला असतात. बाकीच्या निम्म्यांचं हृदय जिथं असायला हवं तिथंच असतं आणि आजार मात्र तोच असतो. मी त्या निम्म्यांना यादीतूनच वगळलं होतं.

चूक उघडी पडली ती तिच्या भावामुळे. रक्तदाब वाढल्याने आईचं दुसरं बाळंतपण शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झालं. मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा. दुसऱ्या दिवशी श्वास वाढला, फोटो काढला, तर हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. तिथल्या निवासी डॉक्टरने मला फोन केला. वयाने माझ्या मुलाएवढा असेल. “मॅडम, या बाळाची मोठी बहीण तुमच्याकडे येते ना? तिला रोज ओला खोकला असतो का?” मी हो म्हणाले. “लहानपणापासून?” हो. “आईवडील नात्यातले आहेत का?” याचं उत्तर मला देता आलं नाही. तिची आई सासूला आत्या म्हणते हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. आमच्याकडे पुष्कळ सुना सासूला आत्याच म्हणतात, म्हणून कधी खोलात गेले नव्हते. ही सासू तिची सख्खी आत्या होती. पीसीडी बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्याशिवाय होत नाही, आणि नात्यातल्या लग्नात असं जुळून येण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या दक्षिण आशियाई वस्तीतला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तिथे नात्यातली लग्नं पुष्कळ. त्यांनी हा आजार २,२६५ जणांत एक इतका सापडल्याचं नोंदवलं. जगभराचा अलीकडचा अंदाज साडेसात हजारांत एकाच्या आसपास आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही ज्या भागात साधी गोष्ट आहे तिथे मी दवाखाना चालवते, आणि हा प्रश्न माझ्या छापील केस पेपरवर नव्हता.

पुढच्या तपासण्यांत श्वासाची तपासणी पहिल्या फळीत होती, या वेळी नाकातल्या श्वासाची. नायट्रिक ऑक्साइड सर्वांत जास्त तयार होतो तो नाकाभोवतीच्या सायनसच्या पोकळ्यांत. १९९४ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या जॉन लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांना आढळलं की कार्टाजेनरच्या मुलांच्या नाकात हा वायू जवळजवळ नसतोच. असं का होतं याचा पूर्ण उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही, पण निदानासाठी तो धागा फार मोलाचा ठरला. सुई नाही, भूल नाही, रक्त नाही. निरोगी मुलांत हा आकडा मिनिटाला काही शे नॅनोलिटर असतो. पीसीडीत तो बहुधा ७७ च्या खाली असतो, पुष्कळदा विसाच्या आसपास.

इथेही मी आधी चुकले. मोठ्या शहरातल्या तपासणी केंद्राची अपॉइंटमेंट मिळाली याच आनंदात होते. आईवडील पोरीला घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले तेव्हा तिला दोन दिवसांपासून ताप होता. त्यांनी फोन करून विचारलंही होतं, आणि मी म्हणाले, जा, तपासणी फक्त श्वासाची आहे. साध्या विषाणूच्या सर्दी-तापातही नाकातला हा वायू कमी होतो. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी मुलीकडे पाहिलं आणि मशीन सुरूच केलं नाही. बरी झाल्यावर काही आठवड्यांनी या म्हणाल्या. शिवाय घामाची तपासणी झाली आहे का, असं विचारलं. सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही नाकातला आकडा कमी येऊ शकतो, म्हणून घामातलं क्लोराइड मोजून तो आधी बाजूला काढावा लागतो. तेही मी करून पाठवलं नव्हतं. वडिलांची दोन दिवसांची मजुरी आणि जाण्या-येण्याचं भाडं माझ्या अज्ञानापायी गेलं.

त्याहून वाईट चूक दुसऱ्या खेपेला झाली. घामाचा रिपोर्ट नॉर्मल होता, मुलगी बरी होती, तपासणी पार पडली. वडिलांनी मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. ओपीडीत गर्दी होती. मी मोबाइलवर पाहिलं, आकडे १२० च्या आगेमागे. मनात ७७ पक्का बसलेला. सत्त्याहत्तरच्या वर, म्हणजे नॉर्मल. मी तिथल्या तिथे फोन लावला आणि म्हणाले, “दादा, तो आजार नाही.” पलीकडे ते रडले. घरी कळवलं, आत्याबाईंनी देवाला नारळ फोडला.

चिठ्ठीवरचे आकडे पीपीबीत होते, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत त्या वायूचे किती भाग आहेत ते. ७७ हा आकडा मिनिटाला किती नॅनोलिटर वायू बाहेर येतो याचा. पहिल्यावरून दुसरा काढायचा तर मशीन नाकातून दर मिनिटाला किती हवा ओढतं त्याने गुणावं लागतं. चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलेलं होतं, ०.३ लिटर. १२० ला ०.३ ने गुणलं की येतात ३६. सत्त्याहत्तरच्या निम्म्याहूनही कमी. त्या मशीनवर ७७ ची रेषा गाठायला २५७ पीपीबी लागले असते. संध्याकाळी केंद्रातून फोन आला, आकडा स्पष्टपणे कमी आहे, दोन महिन्यांनी पुन्हा करू आणि जनुकांची तपासणीही पाठवू. मला त्या घरी दुसरा फोन करावा लागला. तो फोन मी रात्रीवर ढकलला नाही, एवढंच मी त्यातल्या त्यात बरोबर केलं. तेव्हापासून कुठलाही आकडा त्याच्या एककाशिवाय मी वाचत नाही आणि मोबाइलवर पाहून निकाल सांगत नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचा नियमच आहे, एकाच आकड्यावर विसंबायचं नसतं. त्या वेळी मी बरोबर गेले. ही तपासणी मी कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. मुलगी खुर्चीत ताठ बसली. तंत्रज्ञ बाईंनी एका नाकपुडीत मऊ बोंड बसवलं, त्याला बारीक नळी, नळी मशीनला. मग तिच्या हातात दिली जत्रेत मिळते तशी पिपाणी, फुंकली की उलगडणारी, कागदाची. “ही पूर्ण उलगडायची आणि मी सांगेपर्यंत तशीच धरायची.” फुंकताना अडथळा असला की टाळूचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाक घशापासून तुटतं, त्यामुळे फुप्फुसातली हवा नाकातल्या हवेत मिसळत नाही. मशीन तेवढ्यात नाकातली हवा ओढून घेतं. आत तिची ओझोनशी गाठ पडते, त्यातून क्षीण प्रकाश निघतो आणि त्या प्रकाशावरून वायू मोजला जातो. पडद्यावर रेघ वर चढून काही सेकंद सपाट राहायला हवी. पहिल्यांदा मुलीला खोकला आला, रेघ मोडली. बाईंनी घाई केली नाही. पाणी दिलं, माझ्याही नाकपुडीत बोंड बसवून पिपाणी मला फुंकायला लावली, मुलगी हसली. मग पुन्हा. दोन्ही नाकपुड्या, प्रत्येकी दोनदा. माझी रेघ पडद्याच्या वरच्या अंगाला गेली होती. तिची तळाशी सरपटत होती. मशीनचं तंत्र मी पुस्तकात वाचलं असतं तरी ते अंतर मला असं कळलं नसतं.

जनुकांच्या तपासणीत बहीण आणि भाऊ दोघांतही डीएनएएच५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच एक दोष निघाला. एकच दोष, एकाचं हृदय उजवीकडे, एकीचं डावीकडे. सीटी स्कॅनमध्ये त्या जुन्या डागाच्या जागी श्वासनलिका रुंदावलेल्या होत्या. ते आता भरून येणार नाही. लवकर कळलं असतं तर ते टळलं असतं का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण कफ काढायची सवय आणि कफ तपासून योग्य ॲन्टिबायोटिक ही दोन्ही तिला काही वर्षं आधी मिळाली असती, हे नक्की.

मी आईवडिलांना दार बंद करून बसवलं आणि काय काय चुकलं ते एकेक सांगितलं. गोठ्याचंही सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. आईने विचारलं, “मग हिला दही चालंल?” मी म्हणाले, चालेल, केळीही, पेरूही. मग ती म्हणाली, “आमच्या लग्नामुळं झालं का हे?” याला मी घाईने नाही म्हटलं नाही आणि हो म्हणून तिच्या माथीही मारलं नाही. दोघांत एकेक सदोष प्रत होती, हे त्यांना कळायला कुठलाच मार्ग नव्हता. नात्यात नसलेल्या जोडप्यांनाही अशी मुलं होतात. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता राहील. आत्याबाईंनाही बोलावून हेच समोर बसून सांगितलं, कारण घरात बोल सुनेला लागणार हे मला दिसत होतं.

या आजाराला मुळातून बरं करणारं औषध आज नाही. सकाळ-संध्याकाळ छातीची फिजिओथेरपी, खारट पाण्याची वाफ, दर काही महिन्यांनी कफाची तपासणी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी. ॲझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा असं सहा महिने दिलं तर छाती भरण्याच्या खेपा जवळपास निम्म्यावर येतात, हे युरोपातल्या एका चाचणीत दिसलं आहे; तो निर्णय केंद्रातल्या डॉक्टरांनी तिच्यासाठी घेतला. पंप हळूहळू बंद केला. काहीही बिघडलं नाही. शाळेत ती पुढच्या बाकावर आली आहे. खोकला दाबायचं औषध घरात ठेवायचं नाही, हे मी बजावून सांगितलं आहे.

नाकाच्या चाचणीबद्दल मी आता उत्साहाने बोलते आणि तितक्याच जपूनही. पाच वर्षांखालच्या मुलाला पिपाणी धरून बसवता येत नाही; नुसत्या चालत्या श्वासावर घेतलेला आकडा तितका भरवशाचा नसतो. पन्नासहून अधिक जनुकांतल्या दोषांनी हा आजार होतो आणि त्यातल्या काहींत, उदाहरणार्थ आरएसपीएच१ मध्ये, नाकातला वायू नॉर्मलच्या जवळ असू शकतो. म्हणजे लक्षणं जोरात असतील तर चांगल्या आकड्यावरही थांबायचं नाही. मशीन महाग आहे, मोठ्या शहरांत आहे. माझं म्हणणं आहे की जिल्ह्याजिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ते यायला हवं, आणि ते चालवणारं प्रशिक्षित माणूसही, कारण मशीन किती नाजूक हातांनी चालतं ते मी पाहिलं आहे. पण मी चुकले ते मशीन नव्हतं म्हणून नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुसऱ्या दिवशी श्वास लागला का, नाक आणि खोकला सहा महिन्यांच्या आतच सुरू होऊन बारा महिने रोज चालू आहे का, अवयव उलट्या बाजूला आहेत का, हे विचारायला आणि पाहायला मला कुठल्याही शहरात जावं लागत नव्हतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तर त्या आईने न विचारता पहिल्याच भेटीत दिली होती.

सध्या दुपारी क्लिनिक रिकामं झालं की मी जुने केस पेपर काढून बसते. जिथं माझ्या अक्षरात वारंवार सर्दी-खोकला आणि पंप चालू असं सलग काही वर्षं आहे, ते बाजूला ठेवते आणि त्या घरी फोन लावते. बहुतेक मुलं मोठी होऊन बरी झाली आहेत, त्यांचा खरंच दमा होता. काहींचे नंबर बदललेत. दोघांच्या आयांनी सांगितलं, एक दिवस खोकल्यावाचून जात नाही. दोघांचंही हृदय डावीकडेच आहे. घामाची तपासणी झाली, नॉर्मल आली, आणि नाकाच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. आदल्या दिवशी सर्दी-ताप असेल तर गाडीत बसू नका, मला फोन करा, पुढची तारीख मी घेऊन देईन, असं दोन्ही घरी सांगून ठेवलं आहे.